चालतंय की

वह्या मिटा, लॅपटॉपही मिटा. आज प्रॅक्टिकल होणार नाही.

तुम्ही जमा केलेली सगळी मॉड्यूल्स मी काल रात्री बसून वाचली. ओळन् ओळ वाचली. काम साधं होतं. एक कॅरेक्टर ड्रायव्हर लिहायचा, वापरणाऱ्याच्या प्रोग्रामकडून मजकूर घ्यायचा, कर्नलच्या मेमरीत ठेवायचा, मागितला की परत द्यायचा. दीड-दोनशे ओळींत मावणारं. सकाळी जिन्यात तुमच्यातला एक जण भेटला. त्याला विचारलं, येणाऱ्या मजकुराची लांबी तू कुठं तपासलीस? तो म्हणाला, "मॅडम, चालतंय की."

मी त्याला तिथं काही बोलले नाही. ते उत्तर त्याच्या एकट्याचं नव्हतं. तुमच्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये तेच उत्तर आहे, म्हणून सगळ्यांना समोर बसवून बोलते आहे.

आपल्या भागात हा शब्द मायेचा आहे. पाहुणा जास्तीचा आला, चालतंय की. एसटी चुकली, पुढच्या गाडीनं जाऊ, चालतंय की. माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, त्याचा हा शब्द. तुम्ही तो मेमरीला लावलात, आणि मेमरी कुणाला सांभाळून घेत नाही. तुमचा ड्रायव्हर काल चालला याचा अर्थ एवढाच, की त्या एका वेळी, त्या एका मजकुराला, शेजारच्या बाईटमध्ये कुणाचं महत्त्वाचं काही नव्हतं.

आता तुमच्या कोडकडे येते.

आलेला मजकूर ठेवायला तुम्ही स्टॅकवर ६४ बाईट घेतलेत आणि तो तिथं उतरवायला स्वतःचा लूप लिहिलात. तो लूप थांबतो कधी? शून्याचा बाईट दिसला की. आणि पाठवणाऱ्यानं शून्य पाठवलाच नाही तर? ज्यांनी हा विचार केला होता त्यांनी हात वर करा. तिघे. बाकीच्यांनी खाली बघू नका, इकडं बघा. निम्म्याहून अधिक जण शेतकऱ्यांच्या घरातले आहात. बांध कोरणं म्हणजे काय आणि त्यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या कशा चालतात, हे मी सांगायला नको. चौसष्टाव्या बाईटला तुमचा बांध आहे. त्याच्या पलीकडचं रान तुमचं नाही. स्टॅकवर त्या पलीकडच्या रानात परतीचा पत्ता असतो, म्हणजे हे फंक्शन संपल्यावर प्रोसेसरनं कुठं जायचं ते. तो पत्ता ज्याला बदलता आला, त्याच्या हातात यंत्राचा लगाम गेला.

हे कुणी पहिल्यांदा सांगतंय असं नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं एक प्रोग्राम नेटवर्कवर सोडला. वयानं तुमच्याहून एखाद-दोन वर्षांनीच मोठा होता तो. त्या प्रोग्रामच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक वाट युनिक्सच्या फिंगर सेवेतून जात होती. ती सेवा 'गेट्स' नावाच्या फंक्शननं ओळ वाचायची, आणि गेट्सला समोरची जागा किती आहे हे माहीतच नसायचं. जागा होती ५१२ बाईटची, मॉरिसनं पाठवले ५३६. वरच्या २४ बाईटांनी काम केलं. तेव्हाच्या इंटरनेटवरची सहा हजारांच्या आसपास यंत्रं त्यात सापडली असा अंदाज केला गेला. सी भाषेच्या मानकातून गेट्स हद्दपार व्हायला २०११ साल उजाडलं. तेवीस वर्षं! एवढ्या खटाटोपानं जे बाहेर काढलं, तेच तुमच्या लूपनं परत आत आणलंय, आणि या वेळी थेट कर्नलच्या आत.

इथवरही मी समजून घेतलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्या हातून काय झालं तेही आज सांगणार आहे. पण तुमच्यातल्या चौघांनी जे केलंय ते चुकीच्या खात्यात घालता येत नाही.

त्या चौघांना चाचणी करताना कर्नल पॅनिक आला. स्टॅक बिघडल्याचा संदेश पडद्यावर स्पष्ट आला. तो का येतो, हे मी तिसऱ्या तासाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. कंपायलर बफर आणि परतीचा पत्ता यांच्यामध्ये एक गुप्त आकडा ठेवून देतो. फंक्शन संपताना तो जागेवर आहे का बघतो. बदललेला दिसला की पुढं एक पाऊलही न टाकता कर्नल थांबतो. म्हणजे यंत्रानं तुमची चूक पकडली, फंक्शनचं नाव सांगितलं, हाताला धरून जागा दाखवली. यावर तुम्ही काय केलंत? कर्नलच्या कॉन्फिगमध्ये जाऊन स्टॅक प्रोटेक्टर बंद केलात, सगळा कर्नल पुन्हा कंपाइल केलात, आणि जर्नलमध्ये लिहिलंत, 'एरर सॉल्व्ह झाला'.

रात्री कुत्रं भुंकलं म्हणून उठलात आणि चोराला न बघता कुत्र्याला हाकलून परत झोपलात. आणखी दोघांनी कासान बंद केलंय, कारण काय, तर यंत्र स्लो होतं. कासान काय करतं ते परत ऐका. मेमरीच्या दर ८ बाईटमागे १ बाईटची नोंद ठेवतं, तलाठ्याच्या दप्तरासारखी. कुठला तुकडा कुणाला दिलाय, कुठला परत आलाय, कुठं पाय ठेवायचा नाही, सगळं त्या नोंदीत. मेमरीचा आठवा हिस्सा त्यात जातो आणि यंत्र रेंगाळतं, हे खरं आहे. २०१५ पासून ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आहे, फुकट आहे, आणि तुमच्यासारख्या शिकणाऱ्यासाठी त्याहून चांगला मास्तर मी पाहिलेला नाही. शिकायच्या दिवसांत तुम्हाला दहा सेकंदांची घाई कसली आहे?

दुसऱ्या वर्षाला तुम्ही लिंक्ड लिस्ट लिहीत होतात. पॉइंटर चुकला की सेगमेंटेशन फॉल्ट यायचा, प्रोग्राम मरायचा, तुम्ही परत चालवायचात. तेव्हा तुम्हाला कुणी सांभाळलं? कर्नलनं. प्रत्येक प्रोसेसला त्यानं स्वतंत्र पत्त्यांचं जग दिलं, ४ केबीच्या पानापानांत वाटून दिलं, कुठलं पान वाचायचं, कुठलं लिहायचं, कुठलं मुळीच शिवायचं नाही हे पेज टेबलात लिहून ठेवलं. तुम्ही हद्द ओलांडलीत की तुमच्या प्रोग्रामला संपवून सगळी मेमरी गोळा करून घेतली. शेजारच्या प्रोग्रामला खबरही लागली नाही.

आता तुम्ही त्या सांभाळणाऱ्याच्या जागी जाऊन बसलात. लिनक्समध्ये तुमचं मॉड्यूल आणि बाकीचा कर्नल यांच्यामध्ये भिंत नाही. पत्त्यांचं जग एकच, अधिकार सारखेच. आवाजाच्या कार्डाचा ड्रायव्हरसुद्धा फाइल सिस्टिमच्या मेमरीवर लिहू शकतो, कुठल्याही प्रोसेसची ओळख बदलून तिला रूट करू शकतो. तुमचं चुकलं तर पकडायला वर कुणी नाही. कुंपणानंच शेत खाल्ल्यावर राखण कुणी करायची?

एकानं तर वापरणाऱ्याकडून आलेला पॉइंटर थेट उघडून वाचलाय. कॉपी फ्रॉम यूजर का वापरायचं, याचं उत्तर त्याला ओरलमध्ये देता आलं नाही, आणि तरी त्याचं मॉड्यूल चाललं. का चाललं ते मी जाऊन पाहिलं. तो ज्या कोपऱ्यातल्या यंत्रावर बसतो, त्याचा प्रोसेसर जुना आहे. इंटेलनं २०१४च्या सुमारास ब्रॉडवेल पिढीपासून प्रोसेसरमध्येच बंदोबस्त केला, की कर्नलनं परवानगीची खूण केल्याशिवाय वापरणाऱ्याच्या मेमरीत हात घालायचा नाही. खिडकीकडच्या नव्या यंत्रावर हेच मॉड्यूल पहिल्या वाचनाला कोसळलं असतं. तुझं मॉड्यूल बरोबर होतं म्हणून चाललं नाही बाळ, यंत्र म्हातारं होतं म्हणून चाललं.

दुसऱ्यानं लांबी तपासली आहे, त्याचं मला बरं वाटलं, पुढची ओळ वाचेपर्यंत. लांबी ठेवलीय चिन्हासहित पूर्णांकात. अट लिहिलीय, ६४ पेक्षा मोठी असेल तर परत फिरा. मी उणे एक पाठवला. उणे एक ६४ पेक्षा मोठा नाही, म्हणून दारावरनं आत आला. आत गेल्यावर तीच संख्या चिन्हाशिवायची झाली आणि तिचा वीस अंकी आकडा झाला. पुढं अनर्थ झाला नाही, कारण कर्नलमधल्या दुसऱ्या कुणी लिहिलेल्या तपासणीनं तो अडवला. तुमच्या तपासणीनं नाही.

आता माझं सांगते.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम केलं होतं. काट्याचा आकडा सीरियल पोर्टातून संगणकावर यायचा आणि तो आणणारा ड्रायव्हर माझा होता. दर थोड्या वेळानं आकडा वाचायला मी एक टायमर लावला होता. काट्याचा प्रोग्राम बंद केला की ड्रायव्हर त्याची मेमरी सोडून द्यायचा. टायमर थांबवायला मी विसरले. म्हणजे मेमरी परत केली, पण तिचा पत्ता टायमरच्या खिशात तसाच राहिला आणि काही मिलीसेकंदांनी तो त्या पत्त्यावर जाऊन लिहायचा. रान विकलंय, सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागलंय, आणि आपण जुन्या सवयीनं तिथंच नांगर घालतोय, अशी ती गत.

आमच्या ऑफिसात ते महिनाभर चाललं. एकदाही पडलं नाही. पडणार कसं? सोडलेला तुकडा दुसऱ्या कुणाला मिळेपर्यंत तिथं लिहिलं काय, न लिहिलं काय, कुणाचं काही जात नव्हतं. कारखान्यावर गळीत हंगाम ऐन भरात आला, रात्री एकीकडे बिलं छापली जात होती, दुसरीकडे काट्याचा प्रोग्राम दर पाळीला बंद-चालू होत होता, मेमरीची देवघेव वाढली, आणि मी सोडलेला तुकडा डिस्कचं काम करणाऱ्या भागाच्या वाट्याला गेला. माझ्या टायमरनं त्याच्यावर लिहिलं. यंत्र जागच्या जागी गोठलं. पुन्हा चालू केलं, तासाभरात पुन्हा गोठलं.

पहाटे मी तिथं पोचले तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत गेली होती. बैलगाड्या होत्या. बैल जुंपलेलेच. तोडलेला ऊस वाळतो, तासातासाला वजनात उतरतो, आणि पैसे वजनाचे मिळतात. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, काट्याला काय झालंय?" त्यांना काय सांगायचं? टायमर आधी थांबवायचा, त्याचं हातातलं काम संपेपर्यंत वाट बघायची, मग मेमरी सोडायची. एका ओळीचं काम होतं. ती ओळ मी लिहिली नव्हती, आणि माझ्या न लिहिलेल्या ओळीचे पैसे त्यांच्या बिलातून गेले. त्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही कर्नल म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि माहीत असण्याची गरजही नव्हती. ते माझं काम होतं.

माझ्या चुकीत कुणाचा वाईट हेतू नव्हता. हीच चूक हल्लेखोराच्या हाती लागली तर तो योगायोगाची वाट बघत बसत नाही. तुम्ही सोडलेला तुकडा परत आपल्यालाच मिळावा म्हणून त्याच मापाच्या शेकडो मागण्या तो एकापाठोपाठ करतो. तुकडा मिळाला की त्यात आपल्याला हवा तो मजकूर भरतो, हवा तो फंक्शनचा पत्ता घालतो, आणि मग तुमच्या विसरलेल्या टायमरला ते चालवू देतो. तुमच्या वर्गातल्या अकरा मॉड्यूल्समध्ये मला सोडलेल्या मेमरीचा वापर सापडला. अकरा.

यापुढची चूक तुम्हाला चूकच वाटत नाही, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे. मेमरी मागितली की ती कोरी मिळते असं तुम्ही धरून चालता. ती कोरी नसते. आधीच्या मालकाचं खरकटं तिच्यात असतं. तुम्ही स्ट्रक्चरचे चार रकाने भरता, पाचवा विसरता, आणि अख्खं स्ट्रक्चर वापरणाऱ्याला कॉपी करून देता. त्या पाचव्या रकान्यातून कर्नलचे पत्ते बाहेर जातात. कर्नल मेमरीत कुठं बसलाय हे दर बूटला बदलून लपवायची एवढी मेहनत कुणीतरी केलीय, ती तुमच्या एका रकान्यानं वाया जाते.

आणि भरायचा राहिलेला रकाना किती लांब जातो ते ऐका. जर्मनीतले माक्स केलरमान हे वेब होस्टिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे गृहस्थ. त्यांच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की सर्व्हरच्या नोंदींची जीझिप केलेली फाइल उघडत नाही. शेवटची बेरीज जुळत नव्हती. त्यांनी ती फाइल हातानं दुरुस्त केली आणि तक्रार मिटवली. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. आपण काय केलं असतं, प्रामाणिकपणे मनाशी विचारा. डिस्क खराब असेल म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी बिघडलेल्या सगळ्या फाइली शेजारी-शेजारी मांडल्या. प्रत्येक फाइलचे शेवटचे आठ बाईट बिघडलेले, आणि ते आठही बाईट दर वेळी तेच. ते झिप फाइलीतल्या एका हेडरची सुरुवात होते. शिवाय बिघडणाऱ्या फाइली बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या. महिन्याच्या सगळ्या फाइली जोडून एक झिप देणारा प्रोग्राम शेवटच्या फाइलनंतर ते हेडर पाइपमध्ये लिहीत होता. पण त्या प्रोग्रामला मूळ फाइलवर लिहायची परवानगीच नव्हती! मग लिहिलं कुणी?

उत्तर कर्नलच्या आत निघालं. फाइलचं पान कॉपी न करता तसंच पाइपमध्ये सरकवायची सोय लिनक्समध्ये आहे. ते करणाऱ्या दोन फंक्शनांत पाइपच्या नोंदीतला फ्लॅग्जचा रकाना भरायचा राहिला होता. त्यात आधीचं खरकटं उरायचं. कित्येक वर्षं त्यानं काही बिघडलं नाही, कारण त्या रकान्यात धोक्याचं असं काही येतच नव्हतं. २०२० मध्ये ५.८ क्रमांकाच्या कर्नलात 'याच्यातच पुढचा मजकूर मिसळला तरी चालेल' अशा अर्थाची खूण त्या रकान्यात यायला लागली, आणि जुनी विसरलेली ओळ जिवंत झाली. पाइपमध्ये लिहिलेलं थेट फाइलच्या कॅशमधल्या पानावर उतरायला लागलं. फक्त वाचायची परवानगी असलेला कुणीही सिस्टिमच्या फाइलीवर लिहू शकत होता, त्यातून रूट होऊ शकत होता. अँड्रॉइडचे काही नवे फोनही त्यात आले. ७ मार्च २०२२ रोजी केलरमान यांनी हे जाहीर केलं, 'डर्टी पाइप' नावानं ते ओळखलं जातं. दुरुस्ती किती होती? दोन ओळी. दोन फंक्शनांत फ्लॅग्ज शून्य करणारी एकेक ओळ.

तुमच्या जर्नलमध्ये एकाही रकान्यापुढं मला कारण दिसलं नाही. या माणसानं आठ बाईटांचं कारण सापडेपर्यंत पिच्छा सोडला नाही.

एकापेक्षा जास्त थ्रेड आले की तुमचा तोल आणखी जातो. पाच जणांनी लांबी वापरणाऱ्याच्या मेमरीतून एकदा वाचून तपासली आणि कॉपी करताना परत तिथूनच वाचली. मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडनं ती बदलली तर? तपासला एक आकडा, वापरला दुसरा. "इतक्या कमी वेळात कोण बदलणार?" हे मला काल एकीनं विचारलं. तुला आज उत्तर देते.

लिनक्समध्ये एकच पान अनेकांना दाखवतात आणि कुणी लिहायला गेलं की त्याला वेगळी प्रत करून देतात. कॉपी ऑन राइट म्हणतात ते. आता एक थ्रेड लिहायला आला. कर्नलनं त्याला प्रत करून दिली आणि लिहिण्याची गरज भागली असं समजून आपल्याजवळची 'लिहायचंय' ही खूण पुसली. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडनं सांगितलं, ही प्रत मला नको, टाकून द्या. कर्नल परत पान शोधायला गेला, पण आता खूण पुसलेली असल्यामुळं त्याला वाटलं, नुसतं वाचायचंय. म्हणून मूळ पान हातात दिलं. आणि त्या मूळ पानावर लेखन झालं. एका वेळी ही फट नखाएवढीसुद्धा नाही. पण दोन लूप लावले की यंत्र लाखो वेळा प्रयत्न करतं, थकत नाही. फिल ओस्टर यांना २०१६ मध्ये हे उघडकीला आणता आलं, कारण कुणीतरी ते खऱ्या सर्व्हरवर वापरतच होतं. तोवर ही चूक या रूपात २००७ पासून कर्नलात होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्ती करताना लिहून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी आपणच ही चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट जमला नव्हता. पुढं २०१७ मध्ये कळलं की मोठ्या पानांच्या बाबतीत नवी दुरुस्तीही अपुरी होती.

तो माणूस स्वतःच्या नावानिशी, जगासमोर, आपलं जमलं नव्हतं असं लिहितो. तुम्ही चाळीस मार्कांच्या जर्नलमध्ये पॅनिक लपवता.

क्षुल्लक वाटणारं आणखी एक. सात जणांनी पॉइंटर आधी वापरलाय आणि पुढच्या ओळीत तो नल आहे का ते तपासलंय. २००९ मध्ये लिनक्सच्या टन ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच होतं. कंपायलरनं विचार केला, आधी वापरलाय म्हणजे नल नसणारच, आणि ती तपासणी काढून टाकली. लिहिलेली तपासणी चालणाऱ्या कोडमध्ये उरलीच नाही, आणि ब्रॅड स्पेंगलर यांनी त्यातून रूट मिळवून दाखवलं. ओळींचा क्रम बदला, बस.

मागच्या बाकावरून मघाशी कुजबुज ऐकली, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं, आपला काय संबंध. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं. क्राउडस्ट्राइक कंपनीनं विंडोजच्या कर्नलात चालणाऱ्या आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरला नवी माहितीची फाइल पाठवली. त्या फाइलला एकविसावा रकाना वाचायचा होता आणि कोडनं दिले होते वीस. एकविसाव्याची व्याख्या काही महिने आधीच आली होती, पण तोवरच्या सगळ्या फाइलींत तिथं 'काहीही चालेल' अशी खूण होती, म्हणून तो रकाना कधी वाचलाच गेला नाही. बघा, काही महिने चालतच होतं. त्या सकाळी पहिल्यांदा वाचला, पत्ता हद्दीबाहेरचा निघाला, आणि कर्नलात पकडणारं कुणी नसतं म्हणून यंत्र निळं पडलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख यंत्रं. ज्या सॉफ्टवेअरचं काम राखण करायचं, त्यानंच ती पाडली. देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं बोर्डिंग पास लिहून दिले गेले.

त्याच्या सात वर्षं आधी, जून २०१७ मध्ये, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाचं टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या मालवेअरमुळं ठप्प झालं होतं. ते पसरवणाऱ्या साधनांपैकी एक साधन विंडोजच्या कर्नलातल्या फाइल शेअरिंगच्या ड्रायव्हरमधल्या चुकीवर उभं होतं. तिथं ३२ बिटांची लांबी बदलताना फक्त १६ बिट बदलले जात होते. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी लावली नाही, त्यांच्यातल्या कितीकांनी 'चालतंय' म्हणूनच लावली नसेल.

आणि हो, रस्ट भाषेचं विचारलंस ते चांगलं विचारलंस. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ पासून लिनक्समध्ये रस्टला जागा मिळाली, आणि मला त्याचा आनंद आहे. माझी टायमरची चूक रस्टच्या कंपायलरनं बहुधा मला लिहूच दिली नसती. पुढच्या सत्रात आपण ते शिकू. पण एकविसावा रकाना मागितलास तर रस्टही थांबेल, आणि कर्नलात थांबणं म्हणजे यंत्र थांबणं. शिवाय हार्डवेअरशी बोलताना 'अनसेफ' लिहावंच लागतं, आणि तिथं पुन्हा तूच असशील. मेमरी कुणाची, कधीपर्यंत, सोडणार कोण, हे ज्याला सीमध्ये सांगता येत नाही, त्याला रस्टचा कंपायलर दिवसभर अडवेल आणि तो शेवटी वैतागून सगळीकडे अनसेफ लिहीत सुटेल. आज स्टॅक प्रोटेक्टर बंद करणारे उद्या तेच करतील.

जर्नलं टेबलावर आहेत. एकावरही मी सही केलेली नाही. कर्नल परत बांधायचा, स्टॅक प्रोटेक्टर चालू, कासान चालू. मॉड्यूल पहिल्यापासून लिहायचं. तोंडी परीक्षेला मी तुमच्या कोडमधल्या कुठल्याही मेमरीवर बोट ठेवीन. ती कुणी मागितली, न मिळाली तर काय केलंत, कोण सोडणार आहे आणि सोडल्यावर तिचा पत्ता आणखी कुणाकडे उरलाय का, हे कागद न बघता सांगायचं. कॉपी फ्रॉम यूजरनं परत दिलेला आकडा कशाचा असतो तेही. किती बाईट आले हे नव्हे, किती आणता आले नाहीत हे. अडलं तर विचारा. लॅब सोमवारपासून सकाळी सातला उघडेल, किल्ली माझ्याकडेच असते, मी बसलेली असेन. पॅनिक आला तर तो पडद्यावर तसाच ठेवा आणि मला हाक मारा. पॅनिक दाखवणाऱ्याचे मार्क मी कापणार नाही.

जिन्यात भेटलेला कुठं आहे? ये, पुढं ये. तुझा लूप फळ्यावर लिही. डावीकडे चौसष्ट घरं काढ, त्याच्या पुढं गुप्त आकड्याचं घर, त्याच्या पुढं परतीच्या पत्त्याचं. मी सत्तर अक्षरं सांगते. कुठलं अक्षर कुठल्या घरात जातंय ते तू एकेक करून भर. बाकीच्यांनी मोजा.

खडू घे.